अतिसंवाहक पोकळ्यांतील अडकलेला चुंबकीय अभिवाह

अतिसंवाहक पोकळ्यांतील अडकलेला चुंबकीय अभिवाह म्हणजे कणवेगवर्धकातील धातूची पोकळी थंड होऊन अतिसंवाहक बनत असताना तिच्या भिंतीत कोंडले गेलेले आसपासचे चुंबकीय क्षेत्र होय. प्रयोगशाळांतील बोलीभाषेत त्यास 'ट्रॅप्ड फ्लक्स' म्हणतात. हे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या शंभराव्या हिश्श्याइतके अल्प असले, तरी त्यामुळे पोकळीच्या पृष्ठभागाचा विद्युत् रोध वाढतो. निर्माण होणारी उष्णता द्रव हीलियमला शोषून घ्यावी लागते आणि हीलियम थंड राखणाऱ्या संयंत्राचा वीजखर्च वाढतो. अभिवाह किती अडकणार, हे पोकळी संक्रमण तापमानातून खाली उतरते त्या काही क्षणांत ठरते. एकदा अडकलेला अभिवाह पोकळी पुन्हा त्या तापमानाच्या वर नेल्याखेरीज सहसा निघत नाही. त्यामुळे थंड करण्याच्या वेळी झालेल्या दुर्लक्षाची किंमत वेगवर्धक पुढे महिनोन्महिने मोजत राहतो.

भारतात मुंबई, नवी दिल्ली आणि इंदूर येथील संस्थांचे काम या विषयाशी निगडित आहे.

पार्श्वभूमी

कणवेगवर्धकात विद्युत् भारित कणांना उच्च कंप्रतेच्या विद्युत् क्षेत्राने ढकलले जाते. हे क्षेत्र धातूच्या पोकळीत साठवलेले असते. पोकळीच्या आतल्या पृष्ठभागावरून प्रत्यावर्ती प्रवाह वाहत असतो आणि पृष्ठभागाला जितका रोध अधिक, तितकी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. साठलेली ऊर्जा आणि प्रत्येक आवर्तनात वाया जाणारी ऊर्जा यांच्या गुणोत्तरावरून पोकळीचा गुणवत्ता गुणांक काढतात. तो 'क्यू' या अक्षराने ओळखला जातो.

तांब्याच्या पोकळीचा क्यू काही हजार ते काही दहा हजार असतो. २ केल्व्हिन तापमानाच्या उत्तम निओबियम पोकळीचा क्यू २,७०० कोटींच्या घरात जातो. या आकड्याची कल्पना यावी म्हणून देवळातील घंटेचे उदाहरण घेता येईल. सेकंदाला ४४० कंपने करणाऱ्या घंटेचा क्यू इतका असता, तर एकदा टोल दिल्यावर तिच्यातील ऊर्जा एक-तृतीयांशावर येण्यास साडेतीन महिन्यांहून अधिक काळ लागला असता.

अतिसंवाहकाचा रोध शून्य असतो, हे शालेय पुस्तकांतील विधान एकदिश प्रवाहापुरते खरे आहे. हाइके कामरलिंग ऑनेस यांनी १९११ मध्ये लायडन येथे पाऱ्यात पाहिलेला आविष्कार तोच होता. प्रत्यावर्ती प्रवाहाची गोष्ट निराळी आहे. जॉन बार्डीन, लिऑन कूपर आणि जॉन रॉबर्ट श्रीफर यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार अतिसंवाहकात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या बनतात. तापमान निरपेक्ष शून्याहून अधिक असल्यास काही इलेक्ट्रॉन सुटे राहतात. दिशा सतत बदलणारे क्षेत्र या सुट्या इलेक्ट्रॉनांनाही हलवते आणि थोडी ऊर्जा खर्ची पडते. १.३ गिगाहर्ट्झ कंप्रतेच्या निओबियम पोकळीत २ केल्व्हिनला या कारणाने येणारा पृष्ठरोध सुमारे ११ नॅनोओहम भरतो. नॅनोओहम म्हणजे ओहमचा अब्जावा भाग. खोलीच्या तापमानाच्या तांब्याशी तुलना केल्यास हा रोध सुमारे दहा लाखपट कमी आहे.

तापमान कमी केले की हा भाग झपाट्याने घटतो. मात्र एकूण रोध शून्याकडे न जाता एका किमतीवर अडून राहतो. या उरलेल्या भागास अवशिष्ट रोध म्हणतात. त्याची कारणे अनेक असली, तरी अडकलेला अभिवाह हे त्यांतील प्रमुख कारण मानले जाते.

अभिवाह का अडकतो

वाल्थर माइस्नर आणि रॉबर्ट ओक्सेनफेल्ड यांनी १९३३ मध्ये दाखवले की, चुंबकीय क्षेत्रात ठेवलेला धातू अतिसंवाहक होताना ते क्षेत्र आपल्या अंतर्भागातून बाहेर ढकलतो. हा नियम काटेकोरपणे लागू झाला असता, तर प्रस्तुत लेखाचा विषयच उद्भवला नसता. तथापि, परिपूर्ण बहिष्करण केवळ आदर्श पदार्थात घडते. प्रत्यक्षातील निओबियमच्या पत्र्यात स्फटिककणांच्या सीमा, जालकातील विस्थापने, अशुद्धी आणि कामकाजात आलेले ताण असतात. क्षेत्र बाहेर सरकत असता ते अशा दोषस्थानी अडून बसते.

अडकलेले क्षेत्र भिंतीत एकसारखे पसरलेले नसते. अलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांनी १९५७ मध्ये दाखविल्याप्रमाणे दुसऱ्या प्रकारच्या अतिसंवाहकात क्षेत्र सुट्या, बारीक नळ्यांच्या रूपाने शिरते. या कार्याबद्दल त्यांना २००३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. प्रत्येक नळीभोवती अतिसंवाही प्रवाह गोल फिरत असतो, म्हणून तिला भोवरा म्हणतात. भोवऱ्याचा गाभा साधारण धातूच्या अवस्थेत असतो. निओबियममध्ये त्याची जाडी सुमारे ८० नॅनोमीटर असते. प्रत्येक भोवरा ठरावीक अभिवाहच वाहून नेतो. तो अभिवाह २.०७ × १०⁻¹⁵ वेबर इतका असतो आणि त्यास अभिवाहाचा पुंज म्हणतात. १९६१ मध्ये अमेरिका आणि जर्मनी येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे हे पुंजीभवन प्रयोगाने सिद्ध केले.

पुंजाची किंमत ठाऊक असल्याने भोवऱ्यांची संख्या साध्या भागाकाराने काढता येते. महाराष्ट्रात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ०.४ गॉसहून किंचित अधिक आहे. बुलढाण्याला असो वा मुंबईला, त्यात मोठा फरक पडत नाही. विषुववृत्त तुलनेने जवळ असल्याने येथे या क्षेत्राचा आडवा घटक उभ्या घटकाहून बराच मोठा आहे. हे सारे क्षेत्र निओबियमच्या पत्र्यात काटकोनात अडकले, तर दर चौरस मिलिमीटरला सुमारे २०,००० भोवरे बसतील आणि शेजारच्या दोन भोवऱ्यांतील अंतर सुमारे ७ मायक्रोमीटर राहील. क्षेत्र ५ मिलीगॉसपर्यंत खाली आणले, तरी दर चौरस मिलिमीटरला सुमारे २४० भोवरे उरतातच.

भोवऱ्यांची रचना प्रत्यक्ष पाहणे हे स्वतंत्र संशोधनक्षेत्र आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रताप रायचौधुरी यांच्या गटाने क्रमवीक्षण सुरंगन सूक्ष्मदर्शकाने भोवऱ्यांच्या जाळीची चित्रे घेतली असून ती जाळी विस्कळीत कशी होते याचा अभ्यास केला आहे. ते काम वेगवर्धकासाठी केलेले नाही, परंतु भोवरा दोषस्थानी का खिळतो हा प्रश्न दोन्हीकडे समान आहे.

खडकातील साम्य

थंड होताना आसपासचे क्षेत्र पकडून ठेवण्याची क्रिया निसर्गातही आढळते आणि तिचे उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातील वाचकाला पायांखालीच सापडेल. लोणारचे विवर ज्या काळ्या बेसाल्ट खडकात आहे, तो दख्खनच्या लाव्हारसाचा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला थर आहे. लाव्हारस थिजल्यावर त्यातील मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजे आपल्या क्यूरी तापमानाखाली आली. शुद्ध मॅग्नेटाइटसाठी हे तापमान सुमारे ५८० अंश सेल्सियस आहे. त्या वेळी तेथे असलेल्या भूचुंबकीय क्षेत्राची दिशा खडकात कायमची नोंदली गेली. १९५० च्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी दख्खनच्या लाव्हाथरांतील या अवशिष्ट चुंबकत्वाचा अभ्यास केला. अशा अभ्यासांतून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. अनेक थरांचे चुंबकन आजच्या क्षेत्राच्या उलट दिशेला आहे. तसेच हे थर साचले तेव्हा भारतीय भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे ३० अक्षांशांवर होता.

निओबियमच्या पोकळीतही संक्रमण तापमान ओलांडण्याचा क्षण असाच निर्णायक असतो. हे तापमान सुमारे ९.२ केल्व्हिन, म्हणजे शून्याखाली २६४ अंश सेल्सियस आहे. साम्य येथेच संपते. खडकात क्षेत्राची स्मृती खनिजकणांच्या चुंबकनात असते, तर पोकळीत ती अखंड वाहणाऱ्या प्रवाहांत असते. भूवैज्ञानिकाला ही स्मृती हवी असते. वेगवर्धक चालवणाऱ्याला ती नको असते.

ऊर्जा कशी वाया जाते

भोवरा स्थिर राहिला असता तर त्याचा उपद्रव मर्यादित राहिला असता. परंतु पोकळीच्या आतल्या पृष्ठभागावरून सुमारे ४० नॅनोमीटर खोलीपर्यंत उच्च कंप्रतेचा प्रवाह वाहत असतो. हा प्रवाह भोवऱ्याच्या वरच्या टोकावर बल लावतो. १.३ गिगाहर्ट्झच्या पोकळीत या बलाची दिशा सेकंदाला १३० कोटी वेळा पालटून पूर्ववत होते. भोवऱ्याचा मधला भाग दोषस्थानी खिळलेला असतो आणि टोक मात्र दोरीच्या मोकळ्या टोकासारखे डोलत राहते. गाभ्यातील साधारण अवस्थेतील इलेक्ट्रॉन या डोलण्याला विरोध करतात आणि उष्णता निर्माण होते. भोवऱ्याच्या गतीला होणाऱ्या या विरोधाचे गणित बार्डीन आणि स्टीव्हन यांनी १९६५ मध्ये मांडले.

नेहमीच्या प्रक्रियेच्या शुद्ध निओबियमसाठी एक व्यवहारोपयोगी सूत्र प्रचलित आहे. अडकलेल्या क्षेत्राच्या दर मिलीगॉसमागे १ गिगाहर्ट्झला सुमारे ०.३ नॅनोओहम अवशिष्ट रोध वाढतो आणि ही वाढ कंप्रतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. त्यानुसार १.३ गिगाहर्ट्झला १० मिलीगॉस क्षेत्र पूर्णपणे अडकल्यास सुमारे ३.४ नॅनोओहमची भर पडते. काहीही काळजी न घेता पृथ्वीचे सारे क्षेत्र अडकू दिले, तर ही भर १४० नॅनोओहमच्या पुढे जाते. क्यू २,००० कोटींच्या वरून २०० कोटींच्या खाली येतो.

कंप्रतेच्या या अवलंबनाचा एक परिणाम चटकन लक्षात येत नाही. सुट्या इलेक्ट्रॉनांमुळे येणारा रोध कंप्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, परंतु अभिवाहाचा भाग केवळ वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. ६५० मेगाहर्ट्झच्या पोकळीत २ केल्व्हिनला पहिला भाग ३ नॅनोओहमच्याही खाली येतो. तेथे १० मिलीगॉस अडकलेले क्षेत्र सुमारे २.४ नॅनोओहमची भर घालते, म्हणजे ती मूळ रोधाच्या जवळपास बरोबरीची ठरते. १.३ गिगाहर्ट्झला हेच प्रमाण एक-तृतीयांशाच्या आत होते. कमी कंप्रतेच्या पोकळीत अभिवाहाची चिंता कमी, असा समज त्यामुळे निदान २ केल्व्हिनपुरता तरी फसवा आहे.

धातूच्या पृष्ठभागाची शुद्धताही महत्त्वाची असते. इलेक्ट्रॉन दोन टकरींच्या दरम्यान सरासरी किती अंतर जातो, त्यास सरासरी मुक्त पथ म्हणतात. मुक्त पथ फार लहान असल्यास भोवरे घट्ट खिळलेले राहतात व कमी हलतात. तो फार मोठा असल्यास हालचालीतील ऊर्जाव्यय कमी असतो. दोन्हींच्या मध्ये कोठेतरी संवेदनशीलता कमाल होते. दुर्दैवाने सर्वोत्तम क्यू देणाऱ्या आधुनिक पोकळ्या या कमाल मर्यादेच्या परिसरातच येतात. अ‍ॅना ग्रासेलिनो आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळेत नायट्रोजनमिश्रित निओबियमची पद्धत जाहीर केली. या पद्धतीने सुट्या इलेक्ट्रॉनांमुळे येणारा रोध बराच कमी होतो. परंतु अशा पोकळीत दर मिलीगॉसमागे १ नॅनोओहमहून अधिक भर पडू शकते. पोकळी जितकी उत्तम, तितकी ती आसपासच्या चुंबकत्वाबद्दल हळवी होते.

खर्चाचा हिशेब

२ केल्व्हिनला निर्माण झालेला १ वॉट उष्णताव्यय खोलीच्या तापमानापर्यंत उपसून टाकण्यास आदर्श यंत्रालाही सुमारे १५० वॉट शक्ती लागते. प्रत्यक्षातील शीतन संयंत्रास ७५० ते १,००० वॉट लागतात.

कॅलिफोर्नियातील एलसीएलएस-२ हा वेगवर्धक नायट्रोजनमिश्रित पोकळ्या मोठ्या प्रमाणावर वापरणारा पहिला प्रकल्प होय. त्यात १.३ गिगाहर्ट्झच्या २८० पोकळ्या आहेत. प्रत्येकीत १६ मेगाव्होल्ट प्रति मीटर क्षेत्राला क्यू २,७०० कोटी असावा, असे उद्दिष्ट ठरवले होते. या स्थितीत एक पोकळी सुमारे १० वॉट उष्णता सोडते. भोवतालचे क्षेत्र ५ मिलीगॉसच्या खाली ठेवण्याची अट होती. ५ मिलीगॉस क्षेत्र पूर्णपणे अडकले आणि दर मिलीगॉसमागे १.३ नॅनोओहम भर पडली असे हिशेबासाठी धरू. मग मूळच्या १० नॅनोओहमवर ६.५ नॅनोओहम चढतात आणि प्रत्येक पोकळीचा व्यय साडेसहा वॉटने वाढतो. २८० पोकळ्यांचे मिळून सुमारे १,८०० वॉट होतात आणि विजेच्या मीटरवर ते दीड मेगावॉटच्या आसपास दिसतात.

हा प्रश्न अलीकडे इतका पुढे आला, याचे कारण वेगवर्धकांच्या बदललेल्या स्वरूपात आहे. हॅम्बुर्गजवळचा २०१७ मध्ये सुरू झालेला युरोपियन एक्सएफईएल सेकंदाला १० स्पंदांनी चालतो. बहुतेक वेळ पोकळ्या रिकाम्या असल्याने पृष्ठरोधाचा बोजा तेथे माफक असतो. एलसीएलएस-२ सारख्या यंत्रात क्षेत्र अखंड चालू असते आणि प्रत्येक नॅनोओहम चोवीस तास मोजावा लागतो.

समजुतीतील बदल

वेगवर्धकासाठी अतिसंवाहक पोकळी वापरण्याची सुरुवात स्टॅनफर्ड विद्यापीठात झाली. १९६५ मध्ये तेथे शिशाचा मुलामा दिलेल्या पोकळीत इलेक्ट्रॉन प्रवेगित केले गेले. शिशातील अवशिष्ट रोधाचा व अडकलेल्या अभिवाहाचा संबंधही तेथेच तपासला गेला. फ्रान्समधील साक्ले येथील गटाने १९९२ मध्ये निओबियमच्या पोकळ्या लहान क्षेत्रात थंड करून मोजमापे घेतली. भोवतालचे जवळजवळ सारे क्षेत्र भिंतीत अडकते, असे त्यांना आढळले. पुढील वीस वर्षे हे अपरिहार्य मानले गेले. बाहेरचे क्षेत्र कमी करणे एवढाच मार्ग शिल्लक राहिला आणि सारे लक्ष चुंबकीय कवचाकडे वळले.

हे चित्र २०१३–१४ च्या सुमारास पालटले. बर्लिनच्या हेल्महोल्ट्झ केंद्रातील गटाला असे दिसले की, तीच पोकळी त्याच क्रायोस्टॅटमध्ये निराळ्या रीतीने थंड केली असता क्यू बदलतो. अलेक्झांडर रोमानेंको आणि सहकाऱ्यांनी फर्मी प्रयोगशाळेत २०१४ मध्ये दाखवले की, पोकळी झपाट्याने थंड केल्यास बरेचसे क्षेत्र बाहेर फेकले जाते आणि सावकाश, एकसमान थंड केल्यास ते अडकते. मुळात निर्णायक ठरतो तो पोकळीच्या दोन टोकांमधील तापमानाचा फरक. थंड हीलियम खालून आल्यास पोकळीचा तळ आधी अतिसंवाहक होतो आणि अतिसंवाहक व साधारण भागांमधील सीमारेषा वर सरकत जाते. या सीमेवर तापमानाचा उतार तीव्र असल्यास तो भोवऱ्यांना दोषस्थानांवरून सोडवून पुढे लोटतो. केरसुणीने अंगण एका बाजूने झाडत नेल्यावर कचरा पुढे सरकावा, तसा हा प्रकार आहे. सर्वत्र एकाच वेळी अतिसंवाहकता आली, तर साधारण भागाची बेटे मध्येच वेढली जातात आणि त्यांतील क्षेत्राला बाहेर पडण्यास वाट उरत नाही.

सॅम पोझेन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये आणखी एक मुद्दा पुढे आणला. तापमानाचा उतार समान ठेवला, तरी सारे निओबियम सारखे वागत नाही. काही पत्रे सहज क्षेत्र सोडतात, तर काही हट्टी असतात. ९०० अंश सेल्सियस वा त्याहून अधिक तापमानाला भट्टीत ठेवल्यावर हट्टी पत्रेही सुधारतात, कारण स्फटिककण मोठे होतात व दोषस्थाने घटतात. एलसीएलएस-२ साठी दोन पुरवठादारांकडून आलेल्या निओबियममध्ये असाच फरक दिसला आणि उत्पादन चालू असताना भट्टीचे तापमान वाढवावे लागले. अधिक तापवलेला धातू मऊ होतो व पोकळी हाताळताना तिचा आकार बिघडण्याची भीती असते. त्यामुळे हे तापमान मनमानेल तितके वाढवता येत नाही.

झपाट्याने थंड करण्याचा लाभ अभिवाहापुरता नाही. निओबियममध्ये हायड्रोजन विरघळलेला असल्यास १५० ते ७५ केल्व्हिनच्या दरम्यान सावकाश थंड केल्याने पृष्ठभागावर हायड्राइडचे कण तयार होतात आणि क्यू घसरतो. या विकृतीला 'क्यू रोग' असे नावच पडले आहे.

तापविद्युत् प्रवाह

तापमानाच्या उताराचा एक तोटाही आहे. पोकळीचा धातू आणि तिच्याभोवतीच्या हीलियमपात्राचा धातू निराळे असतात. सहसा आत निओबियम आणि बाहेर टायटॅनियम असते. दोन धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानाला असल्यास त्या बंद मार्गातून प्रवाह वाहतो. टॉमस सीबेक यांनी १८२० च्या दशकात शोधलेला हाच परिणाम तापयुग्मात तापमान मोजण्यासाठी वापरतात. पोकळीत मात्र या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र थेट भिंतीपाशी उत्पन्न होते आणि बाहेर कितीही चांगले कवच असले तरी त्याचा उपयोग होत नाही. तीव्र उतार जुने क्षेत्र बाहेर ढकलतो आणि नवे क्षेत्र निर्माणही करतो. भरीव निओबियमच्या पोकळीत पहिला परिणाम सहसा वरचढ ठरतो.

तांब्यावर निओबियमचा पातळ थर दिलेल्या पोकळ्यांत गणित उलटे होते. जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील एलईपी वेगवर्धकात अशा पोकळ्या होत्या. भोवतालच्या क्षेत्राबद्दल त्या इतक्या कमी संवेदनशील होत्या की त्यांना चुंबकीय कवचाची गरज भासली नाही. परंतु तांबे व निओबियम सर्वत्र एकमेकांना चिकटलेले असल्याने तापविद्युत् प्रवाहाला वाट सहज मिळते. सर्नच्याच एचआयई-आयसोल्डे प्रकल्पातील अशा पोकळ्या एकसमान तापमानाने, सावकाश संक्रमणातून नेल्यावर अधिक चांगल्या चालतात, असे दिसून आले. थंड करण्याची एकच रीत सर्वांना लागू पडत नाही.

चुंबकीय कवच आणि परिसर

अभिवाह बाहेर ढकलण्याची क्षमता कितीही सुधारली, तरी मुळात क्षेत्र कमी असणे हा पहिला उपाय राहतो. त्यासाठी निकेल व लोह यांच्या म्यू-मेटलसारख्या मिश्रधातूचे एक वा दोन थर पोकळीभोवती गुंडाळतात. या मिश्रधातूंची चुंबकीय पार्यता फार मोठी असल्याने क्षेत्ररेषा त्यांच्यातूनच वळून जातात. सामान्य म्यू-मेटलची पार्यता अतिशीत तापमानाला घटते. म्हणून थंड भागात बसणाऱ्या कवचासाठी विशेष प्रकारचे मिश्रधातू वापरावे लागतात. कवचाला धक्का बसला, ते वाकले वा त्यावर वितळजोड केला, तर त्याचे गुण बिघडतात. उरलेले क्षेत्र विद्युत् वेटोळ्यांनी निष्प्रभ करता येते.

कवचाच्या आत काय आहे, याकडेही लक्ष द्यावे लागते. एखादा चुंबकित पोलादी बोल्ट, वितळजोडामुळे चुंबकत्व आलेला पोलादाचा भाग वा झडपेतील स्प्रिंग पोकळीपासून हातभर अंतरावर असली, तरी काही मिलीगॉसचे क्षेत्र सहज निर्माण होते. म्हणून प्रत्येक सुटा भाग फ्लक्सगेट चुंबकत्वमापकाने तपासून गरजेप्रमाणे निश्चुंबकित करतात.

परिसरातील क्षेत्राची अशी धास्ती महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकत्वाची मोजमापे होत होती. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील हे ओळखून नानाभॉय मूस यांच्या देखरेखीखाली हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवले. तेथील इमारती उभारताना चुंबकीय पदार्थ कटाक्षाने टाळले गेले. दोन्ही ठिकाणची मोजमापे १९०६ पर्यंत समांतर चालली, म्हणून नोंदींची सलगता टिकली. पुढे अर्धशतकाने टाटा मूलभूत संशोधन संस्थेची वास्तू त्याच कुलाब्याच्या टोकाला उभी राहिली.

भारतातील पोकळ्या

महाराष्ट्रातील अतिसंवाहक वेगवर्धक याच संस्थेच्या आवारात आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांचा १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन १९८८ च्या अखेरीस कार्यान्वित झाला. त्यातून निघणाऱ्या जड आयनांची ऊर्जा वाढवण्यासाठी पुढे एक अतिसंवाहक रेषीय वेगवर्धक जोडण्यात आला. तो टप्प्याटप्प्याने पूर्ण होऊन नोव्हेंबर २००७ मध्ये संशोधकांना खुला झाला. त्याच्या सात कक्षांत प्रत्येकी चार पोकळ्या आहेत. या पोकळ्या तांब्याच्या असून त्यांच्या आतल्या पृष्ठभागावर सुमारे २ मायक्रोमीटर जाडीचा शिशाचा थर विद्युत् विलेपनाने दिलेला आहे. कंप्रता १५० मेगाहर्ट्झ असून पोकळ्या द्रव हीलियमने सुमारे ४.५ केल्व्हिनला ठेवतात.

शिसे हा पहिल्या प्रकारचा अतिसंवाहक असून त्याचे संक्रमण तापमान ७.२ केल्व्हिन आहे. भरीव शिशात अब्रिकोसोव्हचे सुटे भोवरे नसतात. क्षेत्र अडकल्यास ते साधारण अवस्थेतील लहान बेटांच्या रूपाने राहते. निओबियमसाठीचे वर दिलेले सूत्र म्हणूनच येथे जसेच्या तसे लावता येत नाही. शिवाय ही पोकळी काही वॉट व्यय गृहीत धरूनच आखलेली असते आणि ४.५ केल्व्हिनला १ वॉट उपसण्याचा खर्च २ केल्व्हिनच्या मानाने बराच कमी येतो. नवी दिल्लीच्या आंतरविद्यापीठीय वेगवर्धक केंद्रात ९७ मेगाहर्ट्झच्या भरीव निओबियमच्या पोकळ्या वापरतात.

अभिवाहाचा प्रश्न भारतासाठी खऱ्या अर्थाने ऐरणीवर आला तो २ केल्व्हिनच्या पोकळ्यांमुळे. फर्मी प्रयोगशाळेत पीआयपी-२ नावाचा ८०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा अतिसंवाहक प्रोटॉन वेगवर्धक उभारला जात आहे. न्यूट्रिनोंच्या प्रयोगासाठी लागणारा तीव्र प्रोटॉन झोत त्यातून मिळणार आहे. भारताचा अणुऊर्जा विभाग त्यात भागीदार आहे. होळकरांच्या काळापासून मराठीचा वावर असलेल्या इंदूर शहरातील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने या सहकार्यात ६५० मेगाहर्ट्झच्या, पाच कोशांच्या निओबियम पोकळ्या घडवल्या असून २ केल्व्हिनला पोकळी तपासण्याची सोयही तेथे उभारली आहे. याच कंप्रतेला अभिवाहाचा वाटा मूळ रोधाच्या बरोबरीला येतो, हे वर पाहिलेच आहे.

तपासणीच्या वेळी पोकळी बहुधा उभी टांगलेली असते आणि हीलियम तळातून वर चढतो. वेगवर्धकात तीच पोकळी आडवी असते आणि थंडावा तिच्या खालच्या बाजूने, सर्व कोशांना जवळपास एकाच वेळी पोहोचतो. त्यामुळे तापमानाच्या सीमारेषेची दिशा आणि पृथ्वीच्या क्षेत्राशी होणारा पोकळीच्या अक्षाचा कोन दोन्ही बदलतात. उभ्या तपासणीतील उत्तम क्यू आडव्या स्थितीत टिकेलच असे नाही. पीआयपी-२ च्या सुरुवातीच्या कक्षांत तर झोत एकवटण्यासाठी अतिसंवाहक चुंबक पोकळ्यांच्या शेजारीच बसवलेले असतात आणि त्यांचे बाहेर सांडणारे क्षेत्रही हिशेबात घ्यावे लागते.

अडकलेला अभिवाह काढणे

वेगवर्धक चालू असतानाही नवा अभिवाह अडकू शकतो. पृष्ठभागावरील एखादा दोष तापून भिंतीचा काही भाग क्षणभर अतिसंवाहकता गमावतो. या घटनेस 'क्वेंच' म्हणतात. तेवढ्या भागातून बाहेरचे क्षेत्र आत शिरते आणि भाग पुन्हा थंड झाल्यावर तेथेच कोंडले जाते. शेजारचा चुंबक त्या वेळी चालू असल्यास हानी अधिक होते. बाहेरचे क्षेत्र नाहीसे करून त्याच जागी पुन्हा क्वेंच घडवल्यास असा अभिवाह निघून जातो आणि क्यू पूर्ववत होतो, असे प्रयोगांत आढळले आहे.

थंड करतानाच अडकलेल्या अभिवाहासाठी हा उपाय पुरत नाही. पोकळ्यांचा संपूर्ण कक्ष संक्रमण तापमानाच्या वर नेऊन, तापविद्युत् प्रवाह ओसरू देऊन, पुन्हा वेगाने खाली आणावा लागतो. त्यासाठी झोत बंद ठेवावा लागतो, हीलियम बाहेर काढून पुन्हा भरावा लागतो आणि प्रयोगाचा वेळ खर्ची पडतो. हा खर्च आणि वाढलेल्या वीजबिलाचा खर्च यांची तुलना करून कक्ष पुन्हा तापवायचा की नाही, हे ठरवले जाते.